अल्बममधले एक पान, सहा नावे: चेक लोकांचा देश नेमका कोणता?

नाशिकरोडकर (प्रश्न)

माझे वडील नाशिक रोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे नुसते ‘प्रेस’ म्हटले की टपाल तिकिटे आणि मुद्रांक छापणारे सरकारी मुद्रणालय किंवा त्याच्या शेजारचा नोटांचा छापखाना, एवढाच अर्थ होतो. दिवसभर तिकिटांच्या सहवासात राहूनही घरी आल्यावर ते परदेशी तिकिटेच भिंगाखाली धरून बसत. ते गेल्यानंतर त्यांचे अल्बम माझ्याकडे आले असून सध्या मी ते देशवार लावतो आहे.

एका पानावर मात्र मी अडलो आहे. वडिलांनी पानाच्या डोक्यावर पेन्सिलीने फक्त ‘प्राग’ असे लिहिले आहे आणि खाली सहा वेगवेगळ्या नावांची तिकिटे लावली आहेत. पहिले ऑस्ट्रियाचे आहे, त्यावर बादशहा फ्रांझ योझेफचा चेहरा असून शिक्क्यात ‘प्राग’ आणि ‘प्राहा’ अशी दोन्ही नावे आहेत. त्यानंतर चेकोस्लोव्हाकियाची पुष्कळ तिकिटे आहेत. मग वर जर्मन आणि खाली चेक भाषेत ‘बोहेमिया आणि मोराव्हिया’ असे छापलेली काही, नुसते ‘स्लोव्हेन्स्को’ लिहिलेली दोन, चार आद्याक्षरांची ‘चे.एस.एफ.आर.’ अशी तीन आणि शेवटी ‘चेस्का रेपुब्लिका’चे एक.

शाळेत असताना आम्ही नकाशात चेकोस्लोव्हाकिया रंगवला होता, तेवढेच माझे ज्ञान. माझ्या शंका अशा: ही सगळी तिकिटे एकाच देशाची मानून एका पानावर ठेवणे बरोबर आहे का? बोहेमिया म्हणजेच चेक देश का? आणि एका परिचितांनी ठामपणे सांगितले की चेक नावाचे राष्ट्र १९१८ पूर्वी अस्तित्वातच नव्हते, ते पहिल्या महायुद्धानंतर टेबलावर बसून तयार केले गेले. यात कितपत तथ्य आहे?

आंजनेरीचा_वाटसरू

आपल्या परिचितांचे म्हणणे तिकिटांपुरते खरे वाटेल, कारण टपाल तिकीट हीच मुळी एकोणिसाव्या शतकातली वस्तू आहे आणि त्या काळात प्राग व्हिएन्नाच्या सत्तेखाली होते. मी नाण्यांच्या नादी लागलेला माणूस असल्यामुळे मला हा इतिहास जरा मागून दिसतो, आणि नाण्यांवरून पाहिले तर ‘१९१८ पूर्वी काही नव्हते’ हे विधान टिकत नाही.

आधी नावाचा गुंता सोडवतो. ‘बोहेमिया’ हे नाव चेक लोकांचे नाहीच. त्या भूमीत पूर्वी बोई नावाचे केल्टिक लोक राहत असत, त्यांच्यावरून रोमन लेखकांनी ते दिले. स्लाव्ह टोळ्या तेथे सुमारे सहाव्या शतकात आल्या आणि त्यांपैकी प्रागभोवतालच्या टोळीचे नाव पुढे सगळ्यांना पडले. त्यांच्या भाषेत पश्चिमेकडच्या भूमीला ‘चेखी’, पूर्वेकडच्या भूमीला ‘मोरावा’ आणि उत्तरेकडच्या चिंचोळ्या पट्ट्याला ‘स्लेस्को’ म्हणजे सायलेशिया म्हणतात. कोकण, देश, खानदेश अशी नावे आपण जशी वापरतो आणि तिन्ही मिळून राज्य एक मानतो, तसा तो प्रकार आहे. म्हणून बोहेमिया म्हणजे संपूर्ण चेक देश नव्हे, त्याचा मोठा भाग.

नवव्या शतकात मोराव्हियाच्या परिसरात ‘ग्रेट मोराव्हिया’ नावाने ओळखले जाणारे राज्य होते. तेथे ८६३ मध्ये बायझंटाइन दरबाराकडून सिरिल आणि मेथोडियस हे बंधू आले आणि त्यांनी स्लाव्ह भाषेसाठी लिपी आणली. ते राज्य दहाव्या शतकाच्या आरंभी मग्यार म्हणजे हंगेरियन स्वाऱ्यांच्या काळात मोडले आणि सत्तेचे केंद्र प्रागला, प्शेमिस्ल घराण्याकडे गेले. या घराण्यातला वाक्लाव ९३५ मध्ये सख्ख्या भावाच्या माणसांकडून मारला गेला आणि पुढे संत ठरला. मारवणारा भाऊ बोलेस्लाव मात्र राज्य वाढवून गेला आणि त्याच्याच काळात प्रागमध्ये चांदीचे देनार पडू लागले. ९६५ च्या सुमारास तेथे गेलेल्या इब्राहिम इब्न याकूब या प्रवाशाने प्राग हे दगडचुन्याने बांधलेले आणि व्यापाराने भरलेले शहर असल्याचे लिहून ठेवले आहे.

१२१२ मध्ये बोहेमियाच्या राजपदाला वंशपरंपरागत मान्यता मिळाली. हे राज्य पवित्र रोमन साम्राज्याच्या चौकटीत होते, तरी त्याचा राजा, मुकुट, कायदे आणि सभा स्वतंत्र होती. १३०० मध्ये कुत्ना होराच्या खाणींतल्या चांदीचे ‘प्राग ग्रोशेन’ पाडले जाऊ लागले. त्यावर ‘देवाच्या कृपेने बोहेमियाचा राजा’ असे लॅटिनमध्ये लिहिलेले असते आणि हे नाणे अर्ध्या युरोपात चालत होते. प्शेमिस्ल घराणे १३०६ मध्ये ओलोमोउत्स येथे शेवटच्या राजाच्या खुनाने संपले, मग लक्झेंबर्ग घराणे आले आणि त्यातल्या चौथ्या चार्ल्सने १३४८ मध्ये प्रागला विद्यापीठ स्थापन केले. तो साम्राज्याचा सम्राटही होता, त्यामुळे काही काळ युरोपातली महत्त्वाची सूत्रे प्रागमधून हलत होती. टेबलावर बसून तयार केलेल्या राष्ट्राला एवढा जुना हिशेब असत नाही.

एक अवांतर. बोहेमियाच्या डोंगरातल्या याखिमोव्ह गावी, ज्याला जर्मन लोक योआखिम्सताल म्हणत, १५२० च्या सुमारास चांदीचे मोठे नाणे पाडले जाऊ लागले. गावाच्या नावावरून ते ‘तालर’ झाले आणि तालरचा पुढे ‘डॉलर’ झाला. आमच्या जिल्ह्यातल्या नोटांच्या छापखान्याशेजारी राहणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक असायला हरकत नाही.

देवळाली_तोफची

वरच्या प्रतिसादात १३४८ नंतर थेट १५२० वर उडी मारली आहे. मधल्या काळाविषयी आमच्यासारख्यांनी बोलले पाहिजे. देवळालीच्या तोफखाना प्रशालेत आयुष्याची काही वर्षे घालवलेल्या माणसाला ‘होवित्झर’ हा शब्द रोजचा. तो मूळ चेक आहे. ‘हौफ’ म्हणजे जमाव. जमावावर डागायची आखूड नळीची तोफ ती ‘हौफनित्से’, आणि जर्मन भाषेच्या वाटेने तिची होवित्झर झाली.

ही तोफ ज्यांनी वापरली ते हुसाइट. प्राग विद्यापीठातला धर्मोपदेशक यान हुस चर्चच्या भ्रष्टाचारावर चेक भाषेत प्रवचने देत असे. त्याला अभय देऊन कॉन्स्टन्सच्या धर्मसभेत बोलावले आणि ६ जुलै १४१५ रोजी जिवंत जाळले. त्यानंतर त्याच्या अनुयायांविरुद्ध पाच धर्मयुद्धे पुकारली गेली आणि शेतकरी व कारागिरांच्या फौजेने ती सगळी परतवली. यान झिझ्का हा त्यांचा सेनापती आधी एका डोळ्याने आणि शेवटच्या वर्षांत दोन्ही डोळ्यांनी आंधळा होता. मालवाहू गाड्या साखळ्यांनी जोडून कोट उभा करायचा, आतून हातबंदुका आणि तोफा चालवायच्या आणि घोडदळ दमले की बाहेर पडायचे, ही त्याची रीत. शेवटी १४३४ मध्ये लिपानी येथे हुसाइट आपसातच लढले, मवाळांनी जहालांना संपवले आणि दोन वर्षांनी चर्चशी तडजोड झाली. हरवले ते एकमेकांनीच, ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

गंगापूररोड_इतिहास

मी निवृत्त शिक्षिका आहे आणि वरील दोन्ही प्रतिसाद आवडले, तरी एक सावधगिरी सुचवते. चेक इतिहास ‘वैभव, मग अंधार, मग पुनर्जन्म’ अशा तीन अंकी नाटकासारखा सांगण्याची सवय एकोणिसाव्या शतकातल्या देशभक्त लेखकांनी लावली आणि ती अजूनही सुटलेली नाही. मधला ‘अंधार’ तपासून घ्यावा लागतो.

१५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत तरुण राजा लुई तुर्कांकडून पराभूत होऊन मेला आणि बोहेमियाच्या सरदारांनी ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्यातल्या फर्डिनांडला राजा म्हणून निवडले. निवडले, हा शब्द महत्त्वाचा, कारण राजा निवडण्याचा हक्क कोणाचा हाच पुढच्या शतकातला झगडा होता. प्रॉटेस्टंट सरदारांनी २३ मे १६१८ रोजी बादशहाच्या दोन अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणिसाला प्रागच्या किल्ल्याच्या खिडकीतून खाली फेकले. तिघेही वाचले, परंतु तीस वर्षांचे युद्ध पेटले. ८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळच्या बिला होरा, म्हणजे पांढऱ्या टेकडीवर, जेमतेम दोन तासांत बंडखोरांचा निकाल लागला. पुढच्या वर्षी २१ जूनला जुन्या शहराच्या चौकात २७ जणांना देहदंड झाला. १६२७ च्या नव्या कायद्याने मुकुट हाब्सबुर्गांकडे वंशपरंपरेने गेला, कॅथलिक पंथाशिवाय दुसरा पंथ चालेनासा झाला आणि जर्मन भाषेला चेकच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. पंथ बदलायला तयार नसलेले हजारो लोक देश सोडून गेले. त्यांत कोमेन्स्की होता, मुलांना चित्रांमधून शिकवण्याचा आग्रह धरणारा शिक्षक. तो परत येऊ शकला नाही, १६७० मध्ये ॲम्स्टरडॅमला वारला.

हे सारे खरे आहे, पण दोन गोष्टी विसरू नयेत. एक, बोहेमियाचे राज्य कागदोपत्री संपले नाही. हाब्सबुर्ग बादशहा बोहेमियाचा राजा म्हणून प्रागला वेगळा मुकुट धारण करीत, आणि असा शेवटचा राज्याभिषेक १८३६ मध्ये झाला. फ्रांझ योझेफने तो कधी करून घेतला नाही, याचे शल्य चेक नेत्यांना शेवटपर्यंत होते. दुसरे असे की पांढऱ्या टेकडीवर दोन्ही बाजूंना चेक आणि जर्मन दोघेही होते. तो भाषेचा लढा नव्हता, तसा तो नंतर रंगवला गेला.

भाषेचा प्रश्न खरा पेटला तो बादशहा दुसऱ्या योझेफच्या काळात. त्याने १७८१ मध्ये शेतकऱ्यांना जमीनदाराच्या मुठीतून बऱ्याच अंशी सोडवले आणि इतर ख्रिस्ती पंथांना मोकळीक दिली, मात्र राज्यकारभार एकाच भाषेत चालावा म्हणून जर्मनचा आग्रहही धरला. शेतकरी मोकळा झाल्यामुळे शहरात आला, आणि येताना चेक घेऊन आला. शहरांतल्या शिकलेल्यांची भाषा जर्मन, गावाकडून येणाऱ्यांची चेक, अशी ती स्थिती होती. वेठबिगारीला चेकमध्ये ‘रोबोता’ म्हणतात. त्यावरूनच कारेल चापेकच्या १९२० च्या नाटकात ‘रोबोट’ हा शब्द आला आणि जगभर गेला. वेठ संपली, शब्द राहिला.

चेक भाषा उभी करणाऱ्यांपैकी दोब्रोव्स्की स्वतः जर्मन आणि लॅटिनमध्ये लिहीत असे. पालात्स्कीने आपल्या राष्ट्राच्या इतिहासाचा पहिला खंड १८३६ मध्ये जर्मनमध्ये छापला आणि चेक आवृत्ती १८४८ पासून काढली. युंगमानचा पाच खंडांचा चेक-जर्मन कोश १८३४ ते १८३९ या काळात आला. आपल्याकडे मोल्सवर्थचा कोश १८३१ चा. तुलना इथेच थांबवते, कारण मराठीला घरातच परके होण्याची पाळी तशी आली नव्हती. प्रागचे राष्ट्रीय नाट्यगृह वर्गणीतून उभे राहिले, १८८१ मध्ये उद्घाटनानंतर लगेच जळाले, आणि पुन्हा वर्गणी काढून १८८३ मध्ये उघडले. रंगमंचाच्या वर ‘राष्ट्राने स्वतःसाठी’ असे शब्द कोरले आहेत.

म्हणून आपल्या परिचितांना असे सांगावे की राज्य फार जुने आहे, भाषिक राष्ट्र ही जाणीव एकोणिसाव्या शतकातली आहे आणि १९१८ मध्ये जन्मले ते केवळ प्रजासत्ताक. तीन वेगळ्या गोष्टींना एकच जन्मतारीख देता येत नाही.

नाशिकरोडकर

बाई, मनापासून आभार. आता १९१८ नंतरचे कोडे राहिले. ‘स्लोव्हेन्स्को’ची दोन तिकिटे वडिलांनी याच पानावर का लावली असतील? आणि ‘बोहेमिया आणि मोराव्हिया’ ही तिकिटे १९३९ नंतरची दिसतात, तर तेव्हा जुने राज्य परत आले होते का?

गंगापूररोड_इतिहास

जुने राज्य परत आले नव्हते, त्याचे नाव हिटलरने वापरले.

२८ ऑक्टोबर १९१८ रोजी प्रागमध्ये चेकोस्लोव्हाकिया जाहीर झाला. मासारिक हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचे वडील स्लोव्हाक आणि आई मोराव्हियाची होती, म्हणजे दोन्ही लोकांचे नाते त्यांच्या घरातच होते. परंतु चेक भूमी व्हिएन्नाकडे होती आणि स्लोव्हाकिया सुमारे हजार वर्षे हंगेरीच्या राज्यात होता. भाषा जवळच्या, इतिहास वेगळे. १९२१ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ३६ लाख लोकसंख्येत ३० लाखांहून अधिक जर्मन होते आणि स्लोव्हाक सुमारे २० लाख. त्यामुळे चेक आणि स्लोव्हाक मिळून एकच ‘चेकोस्लोव्हाक राष्ट्र’ मोजले गेले. वेगवेगळे मोजले असते तर जर्मन दुसऱ्या क्रमांकावर आले असते. ही क्लृप्ती त्या वेळी सोयीची होती, पुढे स्लोव्हाकांना खुपत राहिली. तरीही दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मध्य युरोपात लोकशाही टिकवून धरलेला देश हाच होता, हे विसरून चालणार नाही.

सप्टेंबर १९३८ च्या अखेरीस म्युनिकमध्ये ब्रिटन, फ्रान्स, इटली आणि जर्मनी यांनी या देशाचा जर्मनबहुल सीमाभाग हिटलरला देऊन टाकला. ज्यांचा देश कापला जात होता त्यांना चर्चेत जागा नव्हती. १४ मार्च १९३९ रोजी बर्लिनच्या दबावाखाली स्लोव्हाकिया वेगळा झाला, दुसऱ्या दिवशी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि १६ तारखेला ‘बोहेमिया आणि मोराव्हियाचे संरक्षित राज्य’ जाहीर झाले. आपल्याकडची दोन स्लोव्हाक तिकिटे बहुधा याच सहा वर्षांतली असावीत. १९४२ मध्ये चेक आणि स्लोव्हाक सैनिकांनी तिथला नाझी सत्ताधारी हायड्रिख याच्यावर प्रागमध्ये हल्ला केला, तो काही दिवसांनी मेला आणि सूड म्हणून लिदित्से हे संपूर्ण गाव नष्ट केले गेले. प्रागच्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर चेक भूमीतल्या मारल्या गेलेल्या सुमारे ७८,००० ज्यूंची नावे लिहिली आहेत. युद्धानंतर सुमारे ३० लाख जर्मनांना देशाबाहेर काढले. त्यांतले बहुसंख्य पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहणारे होते. बोहेमिया आठशे वर्षे दोन भाषांचा होता, तो दोन-तीन वर्षांत एका भाषेचा झाला. चेक लोकांत यावर आजही वाद आहे, आणि असावाच.

सातपूर_ते_बर्नो

मी यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीच्या कामासाठी दोन वर्षे मोराव्हियातल्या बर्नो शहरात राहिलो, म्हणून शेवटच्या तीन नावांविषयी लिहितो.

फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली आणि १९६० च्या राज्यघटनेने नावात ‘समाजवादी’ शब्द घातला. म्हणजे ज्या वर्षी नाशिककरांच्या पत्त्यातले मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र आला, त्याच वर्षी प्रागकरांच्याही देशाचे नाव बदलले, फक्त त्यांना कोणी मिठाई वाटली नसावी. १९६८ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे नेते दुबचेक यांनी कारभार सैल करण्याचा प्रयत्न केला आणि २० ऑगस्टच्या रात्री रशियन रणगाडे आत शिरले. त्या वर्षीच्या सुधारणांपैकी जी एक मोठी गोष्ट कागदावर टिकली ती म्हणजे संघराज्य: १ जानेवारी १९६९ पासून चेक आणि स्लोव्हाक अशी दोन घटक राज्ये झाली. सत्ता एकाच पक्षाच्या हाती असल्यामुळे वीस वर्षे त्याला विशेष अर्थ नव्हता. १७ नोव्हेंबर १९८९ नंतर हुकूमशाही कोसळली, हावेल राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्या कागदी भिंती एकाएकी खऱ्या झाल्या.

१९९० च्या वसंतात संसदेत पहिले भांडण झाले ते एका छोट्या आडव्या रेघेवरून. स्लोव्हाकांना ‘चेको’ आणि ‘स्लोव्हाकिया’ यांच्यामध्ये ती हवी होती, चेकांना नको होती, कारण म्युनिकनंतरच्या दुबळ्या प्रजासत्ताकाच्या नावात तशीच रेघ होती. तडजोड म्हणून ‘चेक आणि स्लोव्हाक संघीय प्रजासत्ताक’ हे लांबलचक नाव आले, तुमची ‘चे.एस.एफ.आर.’ ती हीच. जून १९९२ च्या निवडणुकीनंतर चेक बाजूचे क्लाउस आणि स्लोव्हाक बाजूचे मेचिअर यांनी बर्नोतल्या तुगेनधाट बंगल्यात बोलणी केली. जनमत घेतले नाही. १ जानेवारी १९९३ रोजी दोन देश झाले, गोळी सुटली नाही, आणि मालमत्ता बहुतांशी लोकसंख्येनुसार दोनास एक अशी वाटली गेली. विभाजनाच्या कायद्यात संघराज्याची चिन्हे कोणीही वापरू नयेत असे स्पष्ट लिहिले होते, तरी चेकांनी निळ्या त्रिकोणाचा जुना ध्वज ठेवून घेतला. बर्नोतल्या माझ्या सहकाऱ्यांना यावर छेडले की ते विषय बदलत.

प्रेसमधल्या माणसाच्या मुलाला आवडेल अशी गोष्ट शेवटी सांगतो. फेब्रुवारी १९९३ मध्ये चलन वेगळे करायचे होते आणि नव्या नोटा पुरेशा तयार नव्हत्या. म्हणून १००, ५०० आणि १००० कोरुनाच्या जुन्याच नोटांवर आपल्या महसुली तिकिटासारखी छोटी तिकिटे चिकटवली गेली. चेक तिकीट असलेली नोट चेक देशाची, स्लोव्हाक तिकीट असलेली स्लोव्हाकियाची. देशाच्या जन्माच्या वेळीही हेच घडले होते. मार्च १९१९ मध्ये अर्थमंत्री राशीन यांनी सीमा बंद करून ऑस्ट्रिया-हंगेरीच्या नोटांवर अशीच तिकिटे लावून घेतली होती.

आंजनेरीचा_वाटसरू

तिकीट लावलेल्या १९९३ च्या नोटा संग्राहकांकडे मिळतात. मात्र घेताना तिकिटाचा डिंक आणि कडेचे दाते नीट पाहून घ्या, कारण साध्या जुन्या नोटेवर नंतर तिकीट डकवणे अवघड नाही. तुमच्या वडिलांचे भिंग इथे उपयोगी पडेल.

आणि चेकोस्लोव्हाकियाच्या सुरुवातीच्या तिकिटांत प्रागच्या किल्ल्याचे चित्र असेल तर तेही भिंगाखाली धरा. ते आल्फोन्स मुखा या चित्रकाराचे, १९१८ च्या डिसेंबरातले. काहींत किल्ल्यामागून सूर्य उगवताना दिसतो. चित्रात किल्ला ज्या बाजूने दिसतो तिकडून पाहिले तर सूर्य तेथे उगवूच शकत नाही. लक्षात आल्यावर पुढच्या छपाईत तो काढून टाकला.

नाशिकरोडकर

आत्ताच पाहिले. किल्ल्याची पाच आहेत. तीन सूर्यासह, दोन सूर्याविना, आणि वडिलांनी सूर्याच्या तिकिटांखाली पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढले आहे.

पान मोडत नाही. डोक्यावरचे ‘प्राग’ तसेच ठेवून प्रत्येक गटाखाली साले लिहितो. स्लोव्हाकियाची दोन तिकिटे समोरच्या पानावर नेतो, आणि तळाशी एका नोटेपुरती जागा मोकळी ठेवतो.